लेमूरच्या टोळीत चिंच आधी कोण खातं?

बी.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: लेमूर (मादागास्कर बेटावरचे माकडासारखे प्राणी) हे माकडांचे पूर्वज का? भारत आणि मादागास्कर एकेकाळी एकाच भूखंडाचे तुकडे होते, मग लेमूर तिकडेच का, आपल्याकडे का नाहीत? लेमूरांमध्ये मादी नराला वरचढ असते असं पाठ्यपुस्तकात एका ओळीत दिलंय, पण कारण दिलेलं नाही, ते काय? जाता जाता तिने हेही विचारलंय की लेमूर आपल्याकडे पाळता येतो का.

मी तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते. त्याचं उत्तर नीट कळलं की लेमूरांबद्दलच्या बाकीच्या अर्ध्या गोष्टी आपोआप उलगडतात, असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. दक्षिण मादागास्करच्या रानात हातात वही घेऊन टोळ्यांच्या मागे फिरणं, दर पाच मिनिटांनी कोण काय करतंय ते टिपणं, हेच माझं काम होतं.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट सांगते. ऑगस्ट महिना, म्हणजे तिकडचा कोरडा हिवाळा. मांद्रारे नदी आटून वाळूचा पट्टा झाली होती आणि काठावरची चिंचेची झाडं तेवढी हिरवी होती. हो, आपलीच चिंच. तिकडे तिला ‘किली’ म्हणतात आणि नदीकाठच्या रानातल्या वलयांकित शेपटीच्या लेमूरांचं कोरड्या दिवसांतलं पोट बरंचसं तिच्यावरच भरतं. एक लेमूर फांदीवर बसून चिंचेचा आकडा दोन्ही हातांत आडवा धरून दाढेने टरफल फोडत होता. आतला गर दिसायला लागला आणि तेवढ्यात दुसरा एक लेमूर सावकाश चालत आला, पहिल्याच्या नाकावर एक चापट दिली, आकडा काढून घेतला आणि तिथेच बसून खायला लागला. पहिल्याने काही प्रतिकार केला नाही. तोंडातल्या तोंडात बारीक चिरकत तो दोन फांद्या पलीकडे सरकला.

मी वहीत लिहिलं, ‘प्रौढ नराने मादीकडून अन्न हिसकावलं.’ शेजारी उभ्या असलेल्या वाटाड्याने ते वाचलं आणि मला दुर्बीण पुन्हा लावायला सांगितली. ज्याचा घास गेला होता त्याच्या मनगटाच्या आतल्या बाजूला काळं, शिंगासारखं टोक दिसत होतं. ती नराची गंधग्रंथी. चापट मारणारीचं पोट चांगलंच वाढलेलं होतं, महिन्याभरात तिला पिल्लू होणार होतं. नोंद बरोबर उलटी झाली होती. लेमूरांत नर आणि मादी अंगाने जवळजवळ सारखेच असतात, नराला मोठे सुळेही नसतात. मी वानरांच्या टोळ्या बघून गेलेली, त्यामुळे दांडगाई करणारा तो नर हे मी डोळ्यांनी न बघताच ठरवून टाकलं होतं. ते पान मी अजून जपून ठेवलंय.

हे पहिल्यांदा पद्धतशीर नोंदवलं प्राणिशास्त्रज्ञ ॲलिसन जॉली यांनी. १९६३ साली त्या दक्षिणेतल्या बेरेंतीच्या रानात बसल्या आणि १९६६ मध्ये त्यांनी लिहिलं की वलयांकित शेपटीच्या लेमूरांत प्रत्येक प्रौढ मादी प्रत्येक प्रौढ नराच्या वर असते. त्या काळी प्रायमेट (लेमूर, माकडं, वानर आणि माणूस यांचा गट) म्हटलं की आफ्रिकेतली बबून माकडं आणि त्यांचे दांडगे नर हेच चित्र डोळ्यांसमोर असायचं. त्यामुळे हे निरीक्षण पचायला लोकांना वेळ लागला. आता आपल्याला माहीत आहे की सिफाका, इंद्री, झालर लेमूर, मूषक लेमूर अशा बऱ्याच जातींत कमीअधिक फरकाने हेच चालतं. सगळ्यांत मात्र नाही. तपकिरी लेमूरांच्या काही जातींत नर-मादी बरोबरीने वागतात, म्हणून ‘सर्व लेमूरांत मादीचं राज्य’ असं सरसकट लिहू नका.

आता कारण. मादागास्करचं हवामान म्हणजे एक लांबलचक उपासाचा काळ आणि एक भरपेट काळ. पावसाळा साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. उरलेले महिने पश्चिमेला आणि दक्षिणेला कोरडेठाक. पूर्व किनाऱ्याच्या सदाहरित रानात पाऊस जवळजवळ वर्षभर असतो, पण तिथली माती निकृष्ट, झाडांना फळं केव्हा लागतील याचा भरवसा नाही, आणि वरून चक्रीवादळं. अशा जागी पिल्लू वाढवायचं तर ते अंगावरचं दूध सोडेल तेव्हा रानात कोवळा पाला आणि फळं असायलाच हवीत. जगण्याची खरी परीक्षा त्या काही आठवड्यांत होते.

इथून मागे मोजत चला. सिफाका जानेवारी-फेब्रुवारीत माजावर येतो, साडेपाच महिन्यांनी, ऐन कोरड्यात, पिल्लू होतं. वलयांकित लेमूर एप्रिलच्या आसपास जुगतो, सुमारे साडेचार महिन्यांची गर्भावस्था, पिल्लं सप्टेंबरात. मुठीत मावणारा मूषक लेमूर ऑक्टोबरात जुगतो आणि दोन महिन्यांत वितो. जुगायचे महिने वेगळे, विण्याचे वेगळे, पण दूध तुटायची वेळ सगळ्यांची एकच: पावसाळ्याचा उत्तरार्ध, फेब्रुवारी ते एप्रिल. लेमूरांच्या अभ्यासक पॅट्रिशिया राइट यांनी हे सगळं एकत्र मांडलं तेव्हा माझ्यासारख्या अनेकांच्या वह्यांमधल्या सुट्या तारखा एकदम एका माळेत ओवल्या गेल्या.

याची किंमत कोण देतं? आई. गर्भ वाढतो तो उपासाच्या दिवसांत. दूध पाजायची सुरुवात होते तीही रानात खायला काही नसतानाच. नराला त्या काळात स्वतःचं पोट सांभाळलं की झालं. मग त्या एका चिंचेच्या आकड्याची गरज कुणाला जास्त आहे? जी मादी तो आकडा न भांडता, न पळापळ करता मिळवते, तिचं पिल्लू जगतं. जो नर मुकाट्याने सरकतो, त्याच्या पिल्लांची आई धडधाकट राहते, म्हणजे त्याचाही तोटा नाही. मादागास्करच्या नैऋत्येकडच्या बेझा महाफालीच्या रानात १९९१-९२ च्या दुष्काळात काय झालं ते बघा: त्या काळात जन्मलेल्या पिल्लांपैकी सुमारे ८० टक्के मेली आणि प्रौढ माद्यांपैकीही जवळपास एकपंचमांश गेल्या. चार घास कमी-जास्त होण्याचा अर्थ तिथे हा असतो.

या स्पष्टीकरणावर सगळ्यांचं एकमत आहे असं नाही. काही जण म्हणतात की हा बदलत्या काळातला अर्धवट टप्पा आहे: मोठे शिकारी पक्षी नष्ट झाले, निशाचर लेमूर दिवसा फिरायला लागले आणि त्यांचं समाजजीवन अजून नव्या घडीत बसलेलं नाही. शरीराच्या आतली यंत्रणा शोधणाऱ्यांनी दाखवलंय की वलयांकित माद्यांच्या रक्तात नर-संप्रेरकांच्या गटातलं अँड्रोस्टेनडायोन चांगलंच असतं. बरोबरीने वागणाऱ्या जातींच्या माद्यांत ते कमी सापडतं. ‘कसं’ याचं ते उत्तर झालं, ‘का’ याचं नाही. माझं मत विचाराल तर उपासाचं कारणच मला पटतं, कारण मी ते ऋतूगणिक डोळ्यांनी बघितलंय. फेब्रुवारीत, फळांची रेलचेल असताना, त्याच टोळीत चापटा मारायची वेळ क्वचित येते.

हीच काटकसर लेमूरांच्या अंगात ठायी ठायी भिनलेली आहे. त्यांचा चयापचय त्याच वजनाच्या इतर सस्तन प्राण्यांपेक्षा मंद असतो. जुलैच्या थंड सकाळी वलयांकित लेमूर सूर्याकडे तोंड करून, मांडी घालून, दोन्ही हात गुडघ्यांवर पसरून बसतात. पोटावरची लव विरळ आणि खालची कातडी काळी असते, ती तापते. बघणाऱ्याला वाटतं ध्यान लावलंय. खरं तर अंग गरम करायला जे अन्न जाळावं लागलं असतं ते वाचवणं चाललेलं असतं. ऊन नसेल तर सगळी टोळी एकमेकांना चिकटून एकच लोकरीचा गोळा करून बसते, नुसत्या शेपट्या बाहेर.

सगळ्यात टोकाची काटकसर पश्चिमेच्या पानगळीच्या रानातल्या जाड्या शेपटीच्या बुटक्या लेमूरची. पावसाळ्यात तो शेपटीत चरबी साठवतो आणि कोरड्या दिवसांत झाडाच्या ढोलीत शिरून सात-सात महिने निद्रिस्त राहतो. उष्ण प्रदेशात, बाहेर ३० अंश तापमान असताना, एखादा प्रायमेट शीतनिद्रा घेतो ही गोष्ट २००४ साली पुराव्यानिशी मांडली गेली तेव्हा आम्ही सगळे चकित झालो होतो. ढोलीची भिंत पातळ असेल तर त्याच्या अंगाचं तापमान बाहेरच्या हवेबरोबर दिवसभरात २० अंशांपर्यंत वरखाली होतं. जिवंत प्राणी, पण तापमानापुरता लाकडाच्या ओंडक्यासारखा.

आता पहिला प्रश्न. पूर्वज नव्हेत, चुलत घराणं. प्रायमेटांच्या दोन शाखा फार पूर्वी, साडेसहा-सात कोटी वर्षांच्या आसपास वेगळ्या झाल्या. एकीत माकडं, वानर, कपी आणि आपण. दुसरीत लेमूर, आफ्रिकेतले गलॅगो आणि आपल्याकडचे लोरिस. आजचा लेमूर हा आजच्या वानराइतकाच ‘आधुनिक’ आहे. त्याने काही जुनी वैशिष्ट्यं टिकवली, एवढंच. कुत्र्यासारखं ओलं नाक, रात्री उजेड पडला की चमकणारे डोळे, पायाच्या दुसऱ्या बोटावर खाजवायची नखी. आपण आणि माकडं शरीरात क जीवनसत्त्व बनवू शकत नाही, लेमूर बनवतात.

आणि दातांची फणी. हा अवयव जवळून बघावा असा असतो. एकदा एका बेशुद्ध केलेल्या मादीचं वजन-माप घेताना मी तिचा खालचा ओठ बोटाने खाली केला: समोरचे सहा दात, चार पटाशीचे आणि दोन सुळे, बारीक, लांब, पुढे आडवे झुकलेले, एकमेकांना लागून. अगदी शिंगाच्या बारीक फणीसारखे. त्यांत दुसऱ्या कुणाचे तरी तीन-चार राखाडी केस अडकलेले होते. लेमूर हातांनी नाही, या फणीने एकमेकांचे केस विंचरतात. फणी साफ करायलाही सोय आहे, जिभेखाली दुसरी एक टोकदार पट्टी असते, ती दातांतून फिरवली की केस निघतात. आपल्या लोरिसच्या तोंडात हीच फणी असते. रोजच्या बघण्यातल्या माकडापेक्षा तो लेमूरला जवळचा, हे यावरून ध्यानात ठेवा.

नावाचीही एक गंमतशीर कथा आहे. रोमन लोक मृतांच्या भटक्या आत्म्यांना ‘लेमुरेस’ म्हणत. सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसने हे नाव दिलं ते रात्री, संथ चालीने फिरणाऱ्या प्राण्यांना, आणि त्या वेळी त्याच्या समोर मुख्यतः लोरिस होता. पुढे लोरिस वेगळ्या प्रजातीत गेला आणि भुताचं नाव मादागास्करच्या प्राण्यांकडे राहिलं. त्यातले कितीतरी भर दुपारी उन्हात बसलेले असतात.

दुसऱ्या प्रश्नातली चूक फार जणांकडून होते, अगदी मोठ्या लोकांकडूनही झालेली आहे. १८६४ साली फिलिप स्क्लेटर या प्राणिशास्त्रज्ञाला हेच कोडं पडलं होतं: मादागास्करात लेमूर, भारतात त्यांचे नातलग, मधे एवढा समुद्र. त्याने सुचवलं की हिंदी महासागरात एक खंड होता, तो बुडाला, आणि त्याला नाव दिलं लेमुरिया. भूखंड सरकतात हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं, त्यामुळे कल्पना वेडगळ नव्हती. पुढे ती गूढवाद्यांच्या हाती लागली आणि तमिळ प्रदेशात बुडालेल्या कुमरी कंडमच्या कथेशीही जोडली गेली. असा खंड नव्हता.

होता तो गोंडवन हा प्राचीन महाखंड. नाव गोंडांच्या प्रदेशावरून, म्हणजे आपल्या विदर्भाच्या अंगणातून गेलेलं. भारत आणि मादागास्कर मिळून आफ्रिकेपासून सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वी सुटले आणि एकमेकांपासून सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी. उडुपीजवळच्या माल्प्याला गेलात तर होडीने सेंट मेरी बेटांवर जा. तिथले दगडी खांब त्या ताटातुटीच्या वेळच्या ज्वालामुखीचे आहेत. आपला दख्खनचा काळा पाषाण त्याच्याही नंतरचा, ६.६ कोटी वर्षांचा. लेमूरांचे पूर्वज मादागास्करला पोचले ते साधारण पाच-सहा कोटी वर्षांपूर्वी. तोवर भारत दूर उत्तरेला निघून गेला होता. जोडणी आणि लेमूर यांची गाठच पडलेली नाही.

मग आले कुठून? आफ्रिकेतून, समुद्रावरून. मोझांबिकची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद ठिकाणी ४०० किलोमीटरच्या आसपास आहे. पुरात नदीकाठचा तुकडा झाडाझुडपांसकट सुटतो आणि समुद्रात वाहत जातो, हे आजही घडतं. आज तिथले प्रवाह उलट दिशेने आहेत म्हणून ही कल्पना बरीच वर्षं हसण्यावारी नेली जायची. २०१० साली त्या काळच्या समुद्राचं संगणकावर प्रतिरूप करून दाखवलं गेलं की तेव्हा मादागास्कर आणखी दक्षिणेला होतं आणि प्रवाह अधूनमधून पूर्वेकडे, बेटाच्या दिशेने जोरात वाहत. ढोलीत गुंगीत पडून राहू शकणारा लहानसा प्राणी अशा सफरीत तगू शकतो, हा तर्क मला पटण्यासारखा वाटतो. आजच्या मादागास्करातले जमिनीवरचे मूळ सस्तन प्राणी अवघ्या चार घराण्यांतले आहेत: लेमूर, टेनरेक नावाचे छोटे कीटकभक्षी, फोसासारखे मांसाहारी आणि उंदीर. प्रत्येक घराणं एखाद-दुसऱ्या योगायोगाने आलेलं. आयआय हा विचित्र निशाचर लेमूर (त्याच्याबद्दल पुढे सांगते) वेगळ्या तराफ्यावर आला असावा असं केनियातल्या जीवाश्मांवरून अलीकडे काही जण म्हणतात, ती चर्चा चालू आहे.

आपल्याकडेही लेमूरसारखे प्राणी होते, हे मात्र खरं. सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीत साडेपाच कोटी वर्षांच्या आसपासचे छोट्या प्रायमेटांचे जबडे सापडले आहेत, मार्कगॉडिनोशियस आणि एशियाडॅपिस. ते लेमूरांच्या शाखेच्या बुडाजवळचे. पुढे त्यांचा वंश टिकला नाही. मादागास्करात माकडं कधी पोचलीच नाहीत, म्हणून लेमूरांना रान मोकळं मिळालं.

आणि त्या मोकळ्या रानात त्यांनी काय काय केलं! महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट क्षेत्रफळाचं बेट आणि शंभरावर जाती. सर्वांत लहान बर्थेबाईंचा मूषक लेमूर, बेर्थ राकोतोसामिमानाना या मालागासी शास्त्रज्ञ बाईंचं नाव मिळालेला, वजन ३० ग्रॅम. सर्वांत मोठा इंद्री, नऊ किलोपर्यंत, जवळजवळ बिनशेपटीचा, ज्याची जोडपी पहाटे आंदासिबेच्या रानात गातात. ते गाणं दोन किलोमीटरवर ऐकू येतं. जवळून ऐकलं तर छातीच्या पिंजऱ्यात घुमतं. २०२१ साली त्या गाण्यात माणसाच्या संगीतातल्यासारखं लयीचं प्रमाण, एकपट आणि दुप्पट, मोजून दाखवलं गेलं.

रानोमाफानाच्या रानात सोनेरी बांबू लेमूर आहे. तो दिवसाला अर्धा किलोच्या आसपास बांबूचे कोंब खातो आणि त्यांतलं सायनाइड त्याच्या आकाराच्या प्राण्याला मारायला लागेल त्याच्या सुमारे बारापट भरतं. तो कसा जगतो हे पूर्ण उलगडलेलं नाही. १९८६ मध्ये तो नजरेस पडला आणि त्याच्यापायी १९९१ साली तिथे राष्ट्रीय उद्यान झालं.

आयआयबद्दल थोडं सविस्तर सांगायलाच हवं. पहिल्यांदा बघणाऱ्या युरोपीय लोकांनी त्याला खारीच्या घराण्यात टाकलं होतं, कारण पुढचे दात उंदरासारखे जन्मभर वाढणारे. मी त्याला बघितला तो रात्री, एका वाळलेल्या फांदीवर. कान वटवाघळाचे, केस विस्कटलेले. मधलं बोट हाडाची काडी असावी इतकं बारीक. त्या बोटाने तो फांदीवर टकटक टकटक करत, कान पुढे करून, इंच इंच सरकत होता. मधेच थांबला, दोन इंच मागे आला, पुन्हा टकटक. मग दातांनी लाकूड कोरायला लागला, भुसा माझ्या टोपीवर पडला. भोक झाल्यावर तेच बोट आत घातलं. त्याचा सांधा खांद्याच्या सांध्यासारखा चहूबाजूंनी फिरतो. बाहेर आली ती जाड पांढरी अळी. मादागास्करात सुतार पक्षी नाहीत, त्यांचं काम हा करतो. अळ्या बारमाही मिळतात, म्हणूनच बहुधा त्याला विणीचा ठरावीक हंगामही नाही.

याच्या वाट्याला मोठा अन्याय आला आहे. मालागासी समाजात ‘फादी’ म्हणजे निषिद्ध मानलेल्या गोष्टींना फार वजन असतं. इंद्रीला अनेक गावं पूर्वज मानतात, त्याला मारणं फादी, म्हणून तो वाचला. आयआय मात्र कितीतरी ठिकाणी अपशकुनी. गावाजवळ दिसला की मारायचा. फादी म्हणजे अडाणीपणा असं म्हणून मोकळं होऊ नका. आपल्याकडच्या देवराया जशा टिकल्या, तशी तिथली बरीच रानं आणि प्राणी फादीमुळेच टिकले आहेत.

जे टिकले नाहीत त्यांची यादी मोठी आहे. माणूस बेटावर आल्यानंतरच्या काळात किमान १७ जाती गेल्या आणि त्या सगळ्या आजच्या कुठल्याही लेमूरपेक्षा मोठ्या. आर्किओइंद्रिस तर गोरिलाएवढा, १६० किलोच्या घरातला. १६५८ साली फ्लाकूर या फ्रेंच अधिकाऱ्याने वासराएवढ्या, माणसासारख्या तोंडाच्या ‘त्रेत्रेत्रेत्रे’ नावाच्या प्राण्याबद्दल लिहून ठेवलंय. बहुधा त्या राक्षसी लेमूरांची ती शेवटची आठवण असावी.

आजची स्थिती: निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या (आययूसीएन) २०२० च्या यादीत १०७ पैकी १०३ जाती धोक्यात, त्यांतल्या ३३ नष्ट होण्याच्या उंबरठ्यावर. १९५३ ते २०१४ या काळात मादागास्करचं ४४ टक्के नैसर्गिक रान गेलं. जाळून शेती, कोळसा, शिकार. कोळसा करणाऱ्या माणसाच्या घरी मी जेवले आहे. त्याच्या ताटात काय होतं ते बघितल्यावर त्याला दोष द्यायला माझी जीभ वळली नाही.

मदत करताना चूक कशी होते याचं उदाहरण आपल्या शेतकऱ्यांना लगेच कळेल. बेरेंतीत गुरांच्या चाऱ्यासाठी सुबाभूळ लावली गेली. बारा महिने हिरवी, प्रथिनं भरपूर. लेमूर कोरड्या दिवसांत तिच्यावर तुटून पडले. आणि त्यांचे केस गळायला लागले. शेपट्या उघड्या, पाठी उघड्या, कडाक्याच्या थंडीत. सुबाभळीच्या पाल्यातलं मिमोसिन हे विषारी द्रव्य त्याचं कारण मानलं गेलं, आणि पुढे त्या भागातली झाडं काढावी लागली. जनावराला सुबाभूळ बेताने घालावी हे आपल्याकडे गोठ्यात माहीत असतं. लेमूरला कोण सांगणार?

उलट उदाहरण अंबालावाओजवळच्या अंजाचं. गावकऱ्यांनी स्वतः संघटना करून तीसेक हेक्टरचं रान राखलं, वाटाडे गावातलेच, पर्यटनाचा पैसा शाळेत आणि रोपवाटिकेत. वलयांकित लेमूर तिथे खडकांवर आरामात बसलेले दिसतात. मादागास्करला जायचा योग आलाच तर सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात अशा ठिकाणी जा. पिल्लं नुकतीच आईच्या पोटावरून पाठीवर आलेली असतात.

आता पाळण्याचं. नको, अजिबात नको. मोबाइलवर पाठ खाजवून घेणारा लेमूर गोड दिसतो, पण माणसात वाढलेला लेमूर वयात आला की चावतो, आणि त्याला टोळीत परत सोडता येत नाही. बाजारातली गोड फळं, पोळी, बिस्किटं त्याला मधुमेहापर्यंत नेतात. तो कडवट पाला आणि आंबट-तुरट फळांसाठी घडलेला प्राणी आहे. बंदिवासात तो पंचवीस वर्षांहूनही जास्त जगतो, तेवढा काळ तो एकटा काढणार. शिवाय सगळे लेमूर वन्यजीवांच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या (साइटीस) पहिल्या, म्हणजे व्यापारबंदीच्या, परिशिष्टात आहेत आणि आपल्या वन्यजीव कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीने हे परदेशी प्राणीही आले आहेत. विकणारा कागद दाखवील, पण ते पिल्लू कुठल्या आईच्या पाठीवरून ओढलं गेलं ते त्या कागदावर नसतं.

त्या घराण्यातला प्राणी बघायचाच असेल तर आपला लोरिस आहे ना. तमिळमध्ये ‘तेवांगु’, कन्नडमध्ये ‘काडु पापा’, म्हणजे रानातलं बाळ. वजन जेमतेम पाव किलो, तेही मोठा असेल तर. जादूटोण्यासाठी आणि औषधाच्या नावाखाली त्याचे डोळे काढले जातात, इतकं त्याचं नशीब वाईट. २०२२ साली तमिळनाडूत करूर आणि दिंडिगुल जिल्ह्यांत ११,८०६ हेक्टरचं कडवूर अभयारण्य खास त्याच्यासाठी जाहीर झालं, देशातलं पहिलंच. वनखात्याची परवानगी आणि स्थानिक माणूस सोबत असेल तेव्हाच जा. बॅटरीच्या काचेवर लाल कागद लावा, पांढरा उजेड त्याच्या डोळ्यांत मारू नका. काटेरी झुडपांच्या कडेने अगदी सावकाश चाला आणि उजेड कंबरेच्या उंचीपासून वरपर्यंत फिरवत राहा. दोन नारिंगी ठिपके एकमेकांना चिकटून दिसले की जागीच थांबा. तो पळणार नाही. एक हात फांदीवरून सोडवेल, पुढे नेईल, धरेल, मग दुसरा. सगळं इतकं हळू की वही काढून वेळ टिपायला तुम्हाला सवड मिळेल.